ग्रिमेटन: उद्घाटनाआधीच जुने झालेले केंद्र

2 जुलै 1925. स्वीडनच्या नैऋत्य किनाऱ्याजवळ, वारबर्ग शहराला लागून असलेल्या ग्रिमेटन या खेड्यात राजे पाचवे गुस्ताव आले आणि त्यांनी एका बिनतारी केंद्राचे उद्घाटन केले. शेतांच्या मधोमध एका ओळीत सहा पोलादी मनोरे, प्रत्येक 127 मीटर उंच, दोन मनोऱ्यांमध्ये 380 मीटर अंतर, माथ्यावर 46 मीटर रुंदीचे आडवे हात. लांबून पाहणाऱ्याला विजेच्या उच्चदाब वाहिनीचे राक्षसी खांबच वाटावेत. त्या दिवशी इथून अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष कूलिज यांना तार गेली. आत जे यंत्र घोंघावत होते त्याचे जनक अर्न्स्ट अलेक्झांडरसन स्वतः हजर होते. उप्सालात जन्मलेला, 1901 मध्ये अमेरिकेला गेलेला मुलगा तिथे नाव काढून परत येतो आणि मायदेशात त्याचेच यंत्र बसते, हा योग कुठल्याही देशाला आवडला असता.

प्रत्यक्ष काम मात्र त्याआधी सात महिने, 1 डिसेंबर 1924 पासून, सुरू होते. आणि त्याच्याही आधी, जुलै 1924 मध्ये, ब्रिटिश टपाल खात्याने मार्कोनी कंपनीशी एक करार केला होता. त्या कराराने ग्रिमेटनसारख्या केंद्रांचे दिवस भरले. लघुलहरींवर, म्हणजे कमी लांबीच्या रेडिओलहरींवर, याच्या तुलनेत किरकोळ शक्तीत, जगाच्या दुसऱ्या टोकाशी बोलण्याची सोय त्यात होती. म्हणजे ग्रिमेटनची पहिली व्यापारी तार सुटली तेव्हा त्याचा वारसदार ठरलेला होता.

तेव्हा या प्रकरणात प्रश्न एकच: स्वीडनने चुकीचे यंत्र घेतले का? तंत्रज्ञानाच्या इतिहासात अशा खरेदीला झटकन 'फसलेला निर्णय' म्हणून मोकळे होतात. मला ते पटत नाही. पण स्वीडनचे लोक फार दूरदृष्टीचे होते म्हणून यंत्र टिकले, हे दुसऱ्या बाजूचे कौतुकही पटत नाही.

तार कुणाच्या घरातून जाते

5 ऑगस्ट 1914 च्या पहाटे, ब्रिटनने युद्ध पुकारून काही तास होतात न होतात तोच, 'अलर्ट' नावाच्या केबल जहाजाने इंग्लिश खाडीच्या तळातल्या जर्मनीच्या समुद्री तारा ओढून वर काढल्या आणि तोडल्या. बंदुकीची गोळी सुटण्याआधी तार तुटली. या एका कृतीने सगळ्या छोट्या देशांना कळले की समुद्राखालची तार ही ज्याचे आरमार त्याची.

स्वीडन तटस्थ होता, त्यामुळे त्याची तार कुणी तोडली नाही. पण अमेरिकेला पाठवायची तार ब्रिटनमधून जायची आणि तिथे सेन्सॉरच्या टेबलावर थांबायची. व्यापाऱ्यांचे भाव, जहाजांच्या तारखा, सरकारी निरोप, सगळे परक्याच्या डोळ्यांखालून. त्यात एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापासून बारा-तेरा लाख स्वीडिश माणसे अमेरिकेत जाऊन वसलेली. मिनेसोटातल्या भावाला आईच्या आजारपणाचे कळवायचे तरी वाट लंडनचीच.

इथवर स्वीडन बिचारा वाटतो. पण तक्रार तितकी सोवळी नव्हती. युद्धकाळात स्वीडनचे परराष्ट्र खाते जर्मनीचे सांकेतिक संदेश आपल्या राजनैतिक तारांत घालून पुढे पाठवत होते. ब्रिटिश गुप्तलेख-वाचकांना हे समजले होते, आणि ते गप्प बसून वाचत होते. सप्टेंबर 1917 मध्ये अमेरिकेने ब्युनोस आयर्समधल्या जर्मन प्रतिनिधीच्या, काउंट लक्सबुर्गच्या, तारा जाहीर केल्या. अर्जेंटिनाची जहाजे बुडवायचीच तर मागमूस राहणार नाही अशी बुडवावीत, असा सल्ला त्यांत होता, आणि त्या तारा स्वीडिश वकिलातीमार्फत गेल्या होत्या. त्याच महिन्यात स्वीडनमध्ये निवडणुका होत्या. सत्ताधारी उजव्यांची चांगलीच कोंडी झाली आणि पुढच्या महिन्यात सरकार बदलले. स्वतःची बिनतारी वाट हवी ही मागणी अशा अनुभवातून आली: थोडा अन्याय, थोडी नाचक्की.

1920 मध्ये संसदेने केंद्राला मंजुरी दिली. जागा निवडताना नकाशा नाही, पृथ्वीचा गोल घेतला. वारबर्ग ज्या प्रांतात आहे त्या हालांडच्या किनाऱ्यावरून न्यू यॉर्ककडे सर्वांत जवळची रेषा ओढली की ती डेन्मार्क आणि नॉर्वे यांच्या मधल्या पाण्यावरून, पुढे स्कॉटलंडच्या उत्तरेने निघते. दीर्घलहरी, म्हणजे ग्रिमेटनच्या कित्येक किलोमीटर लांबीच्या रेडिओलहरी, डोंगरांपेक्षा खाऱ्या पाण्यावरून कमी क्षीण होत जातात. स्वीडनमधून अमेरिकेकडे उघडणारी ही अरुंद खिडकी नेमकी वारबर्गजवळ होती.

बाजारात काय होते

1920 च्या आसपास महासागर ओलांडायचा तर चार वाटा होत्या. ठिणगी-प्रक्षेपक जुने झालेले. त्यांची लहर घंटेच्या ठोक्यासारखी उठते आणि विरते, आणि आजूबाजूच्या सगळ्या वारंवारतांवर चिखल उडवते. डॅनिश संशोधक पाउल्सन यांचा आर्क, म्हणजे विजेच्या सतत पेटत्या ज्योतीवर चालणारा प्रक्षेपक, अखंड लहर देत होता, पण त्यातही नको त्या लहरी बऱ्याच. निर्वात नळ्यांचे (व्हॅक्यूम ट्यूब) भविष्य उज्ज्वल आहे हे सगळे जाणत होते, मात्र शेकडो किलोवॉट महिनोन्महिने बिनघोर देतील अशा नळ्या अजून हाताशी नव्हत्या. चौथा पर्याय म्हणजे वीज बनवतो तशी रेडिओलहर बनवणे: सरळ जनित्रच फिरवायचे, फक्त भयानक वेगाने.

ही कल्पना अलेक्झांडरसन यांच्या गळ्यात पडली ती कॅनडात जन्मलेले रेजिनाल्ड फेसेंडेन यांच्यामुळे. त्यांना 1 लाख हर्ट्झचे जनित्र हवे होते, आणि जनरल इलेक्ट्रिक कंपनीने हे काम नव्याने आलेल्या या स्वीडिश इंजिनिअरकडे सोपवले. एवढ्या वारंवारतेला लोखंड चालणार नाही अशी फेसेंडेन यांची समजूत असल्याने पहिल्या यंत्राचे आर्मेचर, म्हणजे वीज उपजते तो वेटोळ्यांचा भाग, त्यांनी हट्टाने लाकडाचे करवून घेतले. गिऱ्हाईक हुशार असले की असे त्रास होतात. पुढच्या दहा-बारा वर्षांत अलेक्झांडरसन लोखंडाकडे वळले आणि 200 किलोवॉटपर्यंत पोचले.

हे यंत्र इतके मोलाचे ठरले की त्यावरून एक कंपनी जन्माला आली. 1919 मध्ये मार्कोनी कंपनी या जनित्रांची मोठी मागणी नोंदवून त्यांचे हक्कही घेऊ पाहत होती. अमेरिकी नौदलाने मध्ये हात घातला. समुद्री तारा ब्रिटनच्या ताब्यात आहेतच, आता बिनतारीही जाणार, हे त्यांना नको होते. त्यातून ऑक्टोबर 1919 मध्ये रेडिओ कॉर्पोरेशन ऑफ अमेरिका, म्हणजे आरसीए, उभी राहिली. अलेक्झांडरसन तिचे मुख्य अभियंता झाले. न्यू यॉर्कजवळच्या लाँग आयलंडवर रॉकी पॉइंट इथे कंपनीने नोव्हेंबर 1921 मध्ये आपले प्रचंड प्रक्षेपण केंद्र सुरू केले.

स्वीडनची निवड इथे जवळपास ठरून जाते. ज्याच्याशी बोलायचे तो समोरचा माणूस आरसीएचा आहे. त्याच्याकडे जे यंत्र तेच आपल्याकडे असले की भांडण नाही. शिवाय यंत्र फिरताना पाहता येत होते. न्यू जर्सीतल्या न्यू ब्रन्सविक केंद्रातल्या अशाच जनित्राने 1918 मध्ये राष्ट्राध्यक्ष विल्सन यांचे संदेश युरोपला पोचवले होते. खरेदी करणाऱ्या समितीत मी असतो तर सही केली असती, आणि मला वाटते आपल्यापैकी बहुतेकांनी केली असती.

488 खाचा

यंत्राकडे जरा निवांत पाहू, कारण सगळे प्रकरण त्याच्या पोटात आहे.

आपल्या घरातली वीज सेकंदाला 50 वेळा दिशा बदलते. ग्रिमेटनच्या यंत्राला 17,200 वेळा बदलायची आहे. त्यासाठी 1.6 मीटर व्यासाची पोलादी तबकडी घेतली, मध्ये जाड, कडेकडे निमुळती होत जाणारी. कडेवर 488 खाचा पाडल्या. तबकडीवर तारेचे एकही वेटोळे नाही. वेटोळी सगळी बाजूच्या स्थिर चौकटीत. खाच समोरून गेली की चुंबकीय वाट अडते, दात गेला की उघडते. मिनिटाला 2,115 फेरे, म्हणजे सेकंदाला 35.25, त्याला 488 ने गुणा, 17,202 येतात. रेडिओलहर निघाली ती या गुणाकारातून, बाकी जादू काही नाही.

खाचा मोकळ्या ठेवल्या असत्या तर तबकडी भोंग्यासारखी किंचाळली असती आणि हवेच्या घर्षणातच शक्ती गेली असती, म्हणून त्या चुंबकाला न जुमानणाऱ्या धातूने भरून कड गुळगुळीत केली. कडेचा वेग ताशी सुमारे 640 किलोमीटर. मुंबई-पुणे चौदा मिनिटांत. आणि हे सगळे बाजूच्या स्थिर भागापासून जेमतेम 1 मिलिमीटर फट ठेवून. धुरा तापून किंचित लांबली तरी तबकडी मधोमध राहावी लागते. घासली तर पुढचे बोलायला नको. यंत्र सुरू करताना म्हणूनच घाई चालत नाही: आधी तेलाचे पंप, मग हळूहळू वेग.

खरी डोकेदुखी वेगळीच होती. मोर्सची कळ दाबली की जनित्रावर भार येतो, सोडली की उतरतो. चढावर बैल मंदावतात आणि उताराला गाडी पळते तसे. पण इथे वेग बदलला की वारंवारताच बदलते, आणि अटलांटिकपलीकडचा ग्राहक ऐकतच राहतो. त्यामुळे मोटरला मिळणारी वीज कळीच्या तालावर कमी-जास्त करणारी यंत्रणा अलेक्झांडरसन यांना बनवावी लागली. आणखी एक अडचण: 200 किलोवॉटचा प्रवाह साध्या कळीने तोडता येत नाही, ठिणग्यांनी कळच जळेल. त्यावर त्यांनी चुंबकीय अँप्लिफायर काढला. छोट्या प्रवाहाने लोखंडाचा गाभा चुंबकत्वाने गच्च भरायचा की मोकळा ठेवायचा एवढेच ठरवायचे. मोठा प्रवाह त्याप्रमाणे वाट धरतो. हलणारा भाग नाही, ठिणगी नाही. या सोयीमुळे कळ दाबणारा माणूस ग्रिमेटनमध्ये असण्याचीही गरज उरली नाही. तारा गोथेनबर्गच्या तारघरातून, जमिनीवरच्या वाहिनीने, इथले यंत्र चालवत होत्या.

एरियलची गोष्टही ऐकण्यासारखी. 17,200 हर्ट्झची तरंगलांबी जवळजवळ साडेसतरा किलोमीटर. शिस्तीत एरियल उभारायचे तर पाव लांबीचे, म्हणजे चार किलोमीटरहून उंच हवे. आहे 127 मीटर! असे बुटके एरियल शक्ती बाहेर फेकायला फार नाखूश असते. त्याचा प्रारण-रोध, म्हणजे शक्ती लहरींच्या रूपात बाहेर टाकण्याच्या ताकदीचे माप, हिशेबाने एक ओहमच्या दहाव्या हिश्शालाही पोचत नाही, त्यामुळे जमिनीचा थोडासा विरोधही बहुतेक शक्ती गिळून टाकतो. अलेक्झांडरसन यांची तोड सोपी आणि सुंदर होती. 2.2 किलोमीटर लांबीच्या तारांपासून प्रत्येक मनोऱ्यापाशी एक तार खाली आणायची, तिला वेटोळे लावून जमिनीशी जोडायची. प्रवाह सहा वाटांनी जमिनीत उतरला की जमिनीतले नुकसान उतरते, आणि सहाही मिळून एकाच एरियलसारखे प्रारण करतात. बाहेरच्या शेतांत उभी असलेली ती मोठाली वेटोळी पाहुण्यांना शोभेची वाटतात. केंद्राचा अर्धा प्राण त्यांच्यात आहे.

स्वीडिश अभियंते हेन्रिक क्रूगर यांनी मनोरे आखले, कार्ल ओकरब्लाड यांनी इमारती. यंत्रघराला उंच कमानदार खिडक्या आहेत, देवळासारख्या. शेजारी कर्मचाऱ्यांची घरेही बांधली. 1923 मध्ये बांधकाम चालू असताना अमेरिकेत अलेक्झांडरसन यांच्या सहा वर्षांच्या मुलाला पळवून नेले होते. रेडिओवर सांगितलेले वर्णन एका श्रोत्याच्या कानी पडले आणि त्यावरून मूल सापडले. या प्रकरणाशी त्याचा संबंध नाही, पण राहवत नाही.

टाकाऊ लहरी

अमेरिकेत 1912 च्या कायद्याने हौशी रेडिओवाल्यांना 200 मीटर आणि त्याखालच्या लहरी दिल्या होत्या. कारण त्या कुणालाच नको होत्या. लहर जितकी लांब तितका पल्ला लांब, हे तेव्हाचे शहाणपण. ग्रिमेटन म्हणजे त्या शहाणपणाचा कळस. आणि मग 28 नोव्हेंबर 1923 च्या रात्री फ्रान्समधल्या नीसहून लिओं देलॉय आणि अमेरिकेतल्या कनेटिकटहून फ्रेड श्नेल या दोन हौशींनी 100 मीटरच्या आसपास अटलांटिकपलीकडे दुतर्फा गप्पा मारल्या. इकडे ग्रिमेटनचे काम चालू होते.

मे 1924 मध्ये मार्कोनींनी इंग्लंडमधल्या पोल्डूहून सिडनीपर्यंत माणसाचा आवाज पोचवला. जमिनीला धरून सरपटण्याऐवजी लघुलहरी वर जातात आणि आयनांबराला, म्हणजे वातावरणाच्या वरच्या विद्युतभारित थराला, आपटून हजारो किलोमीटर पलीकडे उतरतात, तेही परावर्तक तारांचा पडदा लावून एकाच दिशेला ढकलता येतात. यालाच बीम म्हणू लागले.

या बीमचा एक पाय आपल्याकडे होता. 1927 मध्ये इंग्लंड-भारत सेवा सुरू झाली ती खडकी आणि दौंडच्या बळावर: खडकीला प्रक्षेपण, दौंडला ग्रहण. पलीकडे इंग्लंडमध्ये ग्रिम्सबी आणि स्केगनेस. दोन ठिकाणे का, तर शेजारी कुणी बोंब मारत असताना कानगोष्ट ऐकू येत नाही. ग्रिमेटनचे ग्रहण केंद्रही म्हणून कुंग्सबाकाला होते. खडकीच्या लहरी साधारण 16 आणि 34 मीटरच्या. ग्रिमेटनच्या साडेसतरा हजार. पुण्याच्या वेशीवरून लंडनला तार जाऊ लागली तेव्हा स्वीडनचे यंत्र अजून तीन वर्षांचेही नव्हते. बीमचे दर इतके स्वस्त पडले की समुद्री तारांच्या ब्रिटिश कंपन्या घायकुतीला आल्या. 1928 मध्ये साम्राज्याची परिषद भरवून 1929 मध्ये तारा आणि बिनतारी एकाच कंपनीत बांधावी लागली. भारतातली बाजू 1947 मध्ये सरकारी ओव्हरसीज कम्युनिकेशन्स सर्व्हिसकडे आली. तिचेच 1986 मध्ये विदेश संचार निगम झाले.

या हिशेबात ग्रिमेटन हरले. जनरल इलेक्ट्रिकने 200 किलोवॉटची अशी वीसेक यंत्रे बनवली होती, आणि पुढची वर्षे त्यांच्या मोडीचीच. वॉर्साजवळचे जुळे केंद्र 1945 च्या जानेवारीत माघार घेणाऱ्या जर्मनांनी उडवून दिले. खुद्द ग्रिमेटनमधल्या दोन जनित्रांपैकी एक 1960 च्या सुमारास भंगारात निघाले.

मग एक का राहिले

कारण लघुलहरींचा आधार आकाशात आहे, आणि आकाश लहरी आहे. सूर्यावर वादळ उठले की आयनांबर विस्कटते आणि तास-तास संपर्क तुटतो. दीर्घलहर जाडजूड, खर्चिक, संथ, पण ती येते. दुसऱ्या महायुद्धात समुद्री तारा पुन्हा बंद पडल्या तेव्हा स्वीडनला अमेरिकेशी बोलायला ग्रिमेटन हाताशी होते. 1920 च्या संसदेने ज्या भीतीपोटी पैसे दिले ती भीती वीस वर्षांनी तंतोतंत खरी झाली. घेतले ज्यासाठी, ते काम त्याने केले. मूळ खरेदीचा निकाल माझ्या मते इथेच लागतो: यंत्र चुकीचे नव्हते, फक्त महाग होते. दोन वर्षे थांबले असते तर पैसे वाचले असते. पण 1922 मध्ये थांबायला सांगणाऱ्याकडे दाखवायला काय होते? हौशी पोरांच्या नोंदवह्या.

दुसरे कारण मात्र कुणाच्याही ध्यानीमनी नव्हते. खारे पाणी वीज वाहून नेते, म्हणून रेडिओलहर त्यात शिरताच मरते. लघुलहर काही सेंटीमीटर जाते. 17 किलोहर्ट्झची लहर कित्येक मीटर. बुडी मारून बसलेल्या पाणबुडीला वर न येता निरोप द्यायचा तर अशीच लहर लागते. केंद्र बांधताना न्यू यॉर्कचे व्यापारी डोळ्यांसमोर होते; महायुद्धानंतर इथून स्वीडिश नौदलाच्या पाणबुड्यांना निरोप जाऊ लागले, आणि ते 1996 पर्यंत चालले. ब्रिटनच्या रग्बी केंद्राचेही असेच झाले: 1926 मध्ये साम्राज्याच्या तारांसाठी उभारले, अखेरीस राहिले पाणबुड्यांसाठी, 2003 पर्यंत. पण रग्बी नळ्यांवर चालत होते आणि नळ्या बदलता येतात. आज तिथे ते मनोरेही नाहीत. ग्रिमेटनमध्ये बदलण्यासारखे काही नव्हते. तबकडी फिरते आहे तोवर फिरवत राहायचे. जिथे नौदलाला नवे यंत्र घ्यायला पैसा होता तिथे जुने गेले. इथे देश छोटा, गरज मर्यादित, यंत्र दणकट. दूरदृष्टीपेक्षा काटकसरीने ते वाचवले असे मी म्हणेन.

1996 मध्ये त्याला राष्ट्रीय वास्तूचा दर्जा मिळाला, 2004 मध्ये युनेस्कोने जागतिक वारसा यादीत घेतले. आपल्याकडची तार सेवा जुलै 2013 मध्ये बंद झाली. ग्रिमेटन दरवर्षी दोनदा तरी तार पाठवते, 2 जुलैच्या जवळच्या रविवारी आणि 24 डिसेंबरच्या सकाळी. तंत्रज्ञ मंडळी यंत्र जागे करतात, वेग 2,115 वर स्थिरावतो, आणि मोर्समध्ये निघते: सीक्यू सीक्यू सीक्यू, डीई, एसएक्यू एसएक्यू एसएक्यू. सीक्यू म्हणजे 'सर्वांना हाक', डीई म्हणजे 'कडून', आणि एसएक्यू ही केंद्राची ओळखखूण. 17.2 किलोहर्ट्झ ही वारंवारता आवाजाच्या पट्ट्यातच येते, म्हणून ऐकायला खास रेडिओही लागत नाही. लांब तार, थोडी जोडणी आणि संगणकाचे साउंड कार्ड पुरते.

भारतातून प्रयत्न करणाऱ्याला मात्र एक अडचण येते. पडद्यावर 17.2 च्या जागी बारीक रेघ शोधत असताना शेजारी 18.2 किलोहर्ट्झवर जाडजूड पट्टा दिसत राहतो. तो तमिळनाडूत तिरुनेलवेलीजवळच्या आयएनएस कट्टबोम्मन या भारतीय नौदलाच्या केंद्राचा. 1990 पासून ते आपल्या पाणबुड्यांशी बोलते आहे.